कोणत्या चित्रपटांवर राईड व्हावी आणि का? (मंडई-जत्रांच्या दृष्टीने चर्चा)

वैनगंगाकाठ (धागाकर्ता)

भाऊबीज झाली की आपल्या पूर्व विदर्भात गावोगावी मंडई भरू लागते. दंडारीचे आणि रात्रीच्या नाटकांचे फलक लागतात आणि मैदानाच्या एका कडेला आकाशपाळणा, ब्रेक डान्स, ड्रॅगन ट्रेन, कोलंबस आणि मौत का कुआँ उभे राहतात. यातल्या बहुतेक पाळण्यांच्या पत्र्यावर कोणत्या ना कोणत्या चित्रपटाचा नायक रंगवलेला असतो. परंतु बाहेर चित्र बाहुबलीचे असो की दुसऱ्या कुणाचे, आत बसल्यावर शरीराला मिळणारे हिसके तेच असतात, कारण त्या चित्राचा आणि त्या यंत्राचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. आपल्या माणसांना चित्रपटांचे आणि पाळण्यांचे इतके वेड असताना या दोन्हींची खरी सांगड कुणी घालू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते. म्हणून हा प्रश्न मांडतो आहे: लोकप्रिय चित्रपटांपैकी स्वतःची राईड मिळण्याची खरी योग्यता कोणत्या चित्रपटांत आहे?

माझे मत आधी सांगतो. चित्रपट किती चालला, यावरून ही निवड करू नये. त्या चित्रपटात अशी एखादी जागा हवी जिथे आपण स्वतः जावे असे वाटते, आणि अशी एखादी हालचाल हवी जी त्याच चित्रपटाची म्हणून ओळखता येते. कॅलिफोर्नियातले डिस्नीलँड 1955 साली सुरू झाले तेव्हा त्यात 'पीटर पॅन' या 1953 सालच्या चित्रपटावरची राईड पहिल्या दिवसापासून होती. त्या चित्रपटातली मुले रात्री लंडन शहरावरून उडत जातात. म्हणून ती राईड करणाऱ्यांनी गाडीचे रूळ खाली न ठेवता छताला लावले आणि छोटी गलबते त्याला टांगली. बसणाऱ्याच्या पायांखाली दिव्यांनी भरलेले शहर दिसते आणि आधार मात्र खाली कुठेच नसतो. चित्रपटाचा मुख्य अनुभव ओळखून यंत्र घडवले, म्हणून ती राईड आजही चालू आहे.

उलट उदाहरण आपल्या घरचे घ्यावे. 'सैराट' हा मराठीतल्या सर्वाधिक कमाई करणाऱ्या चित्रपटांपैकी एक आहे आणि त्याच्या गाण्यांवर आपल्याकडची एकही वरात नाचल्यावाचून पुढे सरकली नाही. तरीही त्याची राईड होऊ नये असे मला ठामपणे वाटते. ज्या कथेचा शेवट पाहून प्रेक्षागृह सुन्न होते, तिच्यातला विहिरीत उडी मारण्याचा आनंद तेवढा वेगळा काढून तिकिटाला विकणे, हे त्या कथेशी प्रामाणिक राहणे नव्हे.

सुचवताना केवळ चित्रपटाचे नाव देऊ नये; बसल्यापासून उतरेपर्यंत शरीराला काय जाणवेल, तेही लिहावे, ही विनंती.

पूर्णाथडी

धागाकर्त्या दादांचा निकष मला पटतो आणि त्याच निकषावर मी 'बाहुबली'च्या दुसऱ्या भागाचे नाव सुचवतो. त्यातला धबधबा चढण्याचा प्रसंग पहिल्या भागात आहे आणि तो सर्वांना आठवतो, पण राईडसाठी मी शेवटच्या युद्धातला ताडाच्या झाडांचा प्रसंग घेईन. सैनिक ताडाची झाडे दोरांनी मागे वाकवतात, ढाली एकमेकांना जोडून स्वतःभोवती गोल कवच करतात, आणि झाड सोडताच ते माहिष्मतीच्या तटावरून आत फेकले जातात.

राईडमध्ये बसण्याची ओळ एका लांब लोखंडी भुजेवर असावी. भुजा अगदी सावकाश मागे वाकत जावी, दोर ताणल्याचा करकर आवाज कानाजवळ यावा, आकाश हळूहळू समोर यावे आणि मग मध्येच सारे काही थांबावे. खरी भीती त्या थांबण्यात आहे. मग भुजा सुटावी आणि माणूस एका झेपेत दुसऱ्या बाजूला जाऊन तटाच्या पलीकडचे नगर वरून पाहावे. मोठ्या उद्यानांतल्या कित्येक पाळण्यांत वर नेऊन खाली सोडणे एवढेच असते. येथे मागे ओढले जाण्याला कथेतच कारण आहे.

या चित्रपटाच्या उभारलेल्या देखाव्यांपैकी काही हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत लोकांना पाहण्यासाठी ठेवले आहेत. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या लोकांना बल्लारशाहवरून थेट रेल्वे असल्यामुळे खोपोलीच्या इमॅजिका उद्यानापेक्षा हैदराबादच जवळ पडते. परंतु देखाव्यासमोर उभे राहून छायाचित्र काढणे वेगळे आणि त्या तटावरून फेकले जाणे वेगळे.

तांगापल्ला

येथे अजून 'शोले'चे नाव आले नाही, याचे आश्चर्य वाटते. 1975 सालचा हा चित्रपट आमच्या तालुक्याच्या टुरिंग टॉकीजमध्ये, तंबूत जमिनीवर बसून, आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिला आणि आम्ही दूरदर्शनवर पाहिला. त्यात आगगाडीवरची लढाई आहे, बाजूला डबा जोडलेली मोटारसायकल आहे आणि डाकूंपासून पळणारा टांगा आहे. हालचालीला काय तोटा आहे?

वैनगंगाकाठ

पल्लाभाऊ, 'शोले'ची राईड प्रत्यक्षात होऊन गेली आहे, म्हणून तिच्याविषयी अंदाज करण्याची गरज नाही. दुबईत 2016 साली केवळ हिंदी चित्रपटांवर आधारलेले बॉलिवूड पार्क्स नावाचे उद्यान सुरू झाले होते. त्यात 'शोले', 'लगान', 'क्रिश' आणि 'डॉन' यांच्यासह कित्येक चित्रपटांवर राईड किंवा खेळ होते. 'शोले'च्या राईडमध्ये गाडीत बसून अंधारातून जाताना प्रवाशांनी डाकूंवर बंदुकीने नेम धरायचा होता. ते उद्यान 2023 साली कायमचे बंद झाले. बंद होण्यामागे व्यवहाराची अनेक कारणे असू शकतात आणि त्याचा दोष एका राईडवर टाकता येणार नाही. माझा आक्षेप निवडीच्या पद्धतीवर आहे. नेम धरून गोळ्या झाडण्याचा खेळ कोणत्याही चित्रपटाच्या नावाने चालवता येतो. 'शोले'वरचे आपले प्रेम हे त्यातल्या माणसांवर, त्यांच्या बोलण्यावर आणि दोन मित्रांवर आहे. ते गाडीत बसवून फिरवता येत नाही.

तरीही टांग्याबद्दल तुमचे म्हणणे मी बाजूला टाकत नाही. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 2017 साली 'अवतार'वर एक राईड आली, तिच्यात प्रवासी मोटारसायकलवर बसावे तसा एका यंत्रावर बसतो आणि समोरच्या प्रचंड पडद्यावर उडणाऱ्या प्राण्याची सफर दिसते. त्या आसनात गुडघ्यांच्या आतल्या बाजूला फुगणारे आणि आकसणारे भाग आहेत, त्यामुळे आपल्या मांड्यांमध्ये एखादे जिवंत जनावर श्वास घेत आहे असे वाटते. सगळ्या राईडमध्ये लोकांना सर्वाधिक आठवतो तो हा श्वास. टांग्याच्या राईडमध्ये चाकाला दगड लागल्याचा धक्का, लगामाला बसणारी ओढ आणि घोडीच्या टापांची लय हातांना व कमरेला कळली, तर 'शोले'ला माझे मत पक्के आहे. शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, मैदानात वाढलेल्या माणसाला खोटी टाप लगेच कळेल, हे मात्र करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

मेळघाटवाट

माझी सूचना 'तुंबाड' आहे. 2018 साली आला तेव्हा तो फार थोड्यांनी पाहिला आणि 2024 साली पुन्हा प्रदर्शित झाल्यावर लोकांनी गर्दी केली. जागा आणि हालचाल या दोन्ही कसोट्यांवर मला त्याच्या तोडीचा दुसरा चित्रपट दिसत नाही. जागा म्हणजे पावसात भिजलेला वाडा आणि त्याखालची विहीर. हालचाल म्हणजे दोराला धरून खाली उतरणे, पिठाचे रिंगण आखणे, कणकेची बाहुली टाकणे आणि जे हाती लागेल ते घेऊन वर पळणे.

आणि यासाठी लागणारा सांगाडा आपल्या प्रत्येक मोठ्या जत्रेत आधीपासून उभा असतो. मौत का कुआँ म्हणजे फळ्यांची गोल विहीर. प्रेक्षक बाहेरच्या जिन्याने वर चढतात, कठड्याला रेलून खाली पाहतात आणि भिंतीवर फिरणारा मोटारसायकलस्वार त्यांच्या हातातल्या नोटा जाता जाता खेचून नेतो. याच विहिरीत मधोमध गोल पाळणा टांगावा आणि आठ-दहा माणसांना अंधारात सावकाश खाली सोडावे. भिंत ओलसर आणि लाल दिसावी. तळाशी पोहोचल्यावर काही क्षण कसलाही आवाज नसावा. मग पायांखालची फळी हलावी आणि पाळणा वर खेचला जाऊ लागावा, पण सुरुवातीला वेग इतका कमी असावा की प्रत्येकाला आपण पुरेसे लवकर निघालो नाही असे वाटावे. वरच्या कठड्यावर उभ्या असलेल्या लोकांना हा सगळा प्रकार दिसेल आणि पुढच्या खेळाची तिकिटे त्यांच्यातूनच खपतील.

शाळेच्या वाटेवर

मी शिक्षिका आहे आणि मंडईच्या दिवसांत वर्गातली मुले कोणत्या पाळण्यावर बसली याचीच चर्चा आठवडाभर ऐकते. वरील तिन्ही सूचना चांगल्या आहेत, परंतु तिन्हींत लहान मूल, गरोदर बाई, म्हातारी आजी आणि ज्यांना गरगरते अशी माणसे बाहेरच उभी राहतील. आपल्या जत्रेत कुटुंब बैलगाडीने किंवा ट्रॅक्टरने सगळे मिळून येते. राईड मात्र तरण्या मुलांचीच होते. बाया पर्स आणि चपला सांभाळत खाली उभ्या असतात. चित्रपटाचे तसे नाही, तो घरातल्या सगळ्यांनी एकत्र पाहिलेला असतो. मग त्याची राईडही सगळ्यांना बसता येईल अशी का नसावी?

म्हणून मी 'झपाटलेला' सुचवते. 1993 सालच्या या चित्रपटातला बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला आणि बोलका केला, आणि आजही आमच्या वर्गातली मुले त्याला नावानिशी ओळखतात. येथे वेगाची गरजच नाही. छोट्या गाड्या रुळावरून अंधाऱ्या खोल्यांतून चालत जाव्यात. पहिल्या खोलीत बाहुला कपाटावर निश्चल बसलेला दिसावा. दुसऱ्या खोलीत तेच कपाट असावे आणि त्यावर बाहुला नसावा. त्यानंतर तो कुठून येईल याची वाट पाहण्यातच मुले एकमेकांना बिलगतील आणि आजीही खुदकन हसेल. रांगेत उभे राहणाऱ्यांनाही कथेत घेता येईल: रांग पोलीस चौकीच्या खोलीतून न्यावी, भिंतीवर गुन्हेगाराचे चित्र लावावे, म्हणजे अर्धा तास उभे राहिल्याचा कंटाळा येणार नाही. राईड तीन-चार मिनिटांची असते आणि रांग तिच्या कितीतरी पट लांब असते, हे ठरवणाऱ्यांनी विसरू नये.

पाळणेदुरुस्ती

मी जत्रेच्या पाळण्यांच्या मोटारी, गिअर आणि वेल्डिंग यांची कामे करतो, म्हणून या सूचनांकडे त्या नजरेने पाहतो.

आमच्या धंद्याची पहिली अट ही की सगळे यंत्र सुटे होऊन ट्रकमध्ये मावले पाहिजे आणि पुढच्या गावी, काल धान उभे होते त्या बांधीत, लाकडी ओंडक्यांच्या पायावर पुन्हा समतल उभे राहिले पाहिजे. दुसरी अट अशी की वीज गेली आणि जनरेटर बंद पडला तरी बसलेली माणसे हाताने खाली उतरवता आली पाहिजेत. या दोन्ही अटी पाळूनच पुढचे बोलावे.

ताडाची भुजा मैदानावर नको. मागे वाकवून सोडलेल्या भुजेचा सगळा हिसका पायावर येतो आणि भुसभुशीत जमीन तो सहन करणार नाही. ते काम पक्क्या काँक्रीटच्या उद्यानाचे आहे. तुंबाडची विहीर जमेल, परंतु दोर दोन हवेत, ब्रेक दोन हवेत आणि मौत का कुआँच्या फळ्यांवर त्याचा भार अजिबात येऊ नये, त्यासाठी वेगळा लोखंडी तिपाया उभा करावा लागेल. 'झपाटलेला'ची कल्पना आमच्या धंद्याला सर्वांत स्वस्त पडेल, कारण भुताच्या बंगल्याचे सामान बहुतेकांकडे असतेच.

पाण्याची राईड कुणी सुचवणार असेल तर आधीच सांगतो. फ्लोरिडात 'जॉज'वरची बोटीची राईड 1990 साली उघडली, त्यातला यांत्रिक शार्क पाण्याखालून वर येत असे. ती इतकी बिघडत राहिली की बंद करून नव्याने बांधावी लागली आणि 1993 साली पुन्हा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची पाण्याखालच्या यंत्राने ही गत केली, तर आमच्या चार फिटरांचे काय होईल?

माझी स्वतःची सूचना 'आरआरआर'मधल्या पुलाची आहे. एक जण घोड्यावरून आणि दुसरा मोटारसायकलवरून पुलाच्या दोन बाजूंनी एकाच दोराला बांधून उड्या घेतात आणि खाली झोके घेत एकमेकांच्या दिशेने येतात. कोलंबसच्या एका मोठ्या नावेऐवजी एकाच कण्यावर दोन अरुंद नावा शेजारी शेजारी टांगाव्यात आणि त्या उलट दिशांनी झुलाव्यात. मध्ये आल्यावर दोन्ही नावांतली माणसे समोरासमोरून जातील. दोन्हीकडचा भार सारखा ठेवला तर एका नावेचा आडवा ओढा दुसरी नाव तोलून धरते आणि सांगाडा एका नावेच्या कोलंबसपेक्षा शांत उभा राहतो. कथेतही तेच आहे: एकाचा झोका दुसऱ्याच्या वजनावर चालतो. दोन नावांत दोन गावांची माणसे बसवली तर मजा काही वेगळीच येईल.

झाडीरंग

मी झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. वरच्या सगळ्या सूचना वाचल्यावर मला 1936 सालच्या 'संत तुकाराम' या प्रभातच्या चित्रपटाची आठवण झाली. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा चित्रपट आपल्या खेड्यांतल्या कित्येक पिढ्यांनी पाहिला आहे. शेवटी तुकोबांना घेऊन विमान आकाशात जाते आणि खाली लोक पाहत राहतात. तशा काळात केलेले ते दृश्य आजही डोळ्यांना खोटे वाटत नाही. देहूच्या घाटावरून सावकाश वर जाणे, इंद्रायणी लहान होत जाणे आणि टाळांचा आवाज खाली राहणे, एवढ्यावरच एक सुंदर राईड उभी राहील. तिला धक्क्यांची गरज नाही आणि ताई म्हणतात तशी ती आजीलाही बसता येईल.

गुरुकुंजवाट

झाडीरंग भाऊ, आपल्या भावनेविषयी शंका नाही, पण ही सूचना मला मान्य नाही. तुकोबांचे सदेह वैकुंठगमन हा वारकऱ्यांच्या श्रद्धेचा विषय आहे. त्या विमानात तिकीट काढून कोण बसणार आणि कोणाच्या जागी बसणार? चित्रपटातही ते विमान पाहायचे आहे, जिजाईच्या बाजूने, खाली राहून. ती जी खाली राहते, तिच्या नजरेतून तो प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचतो. प्रेक्षकाला वर बसवले की प्रसंगच उलटा होतो. धागाकर्त्यांनी 'सैराट'बद्दल जो विचार मांडला तोच येथे लावावा.

वैनगंगाकाठ

गुरुकुंजवाट दादांशी मी पूर्ण सहमत आहे. एखादा प्रसंग पाहण्याचा आहे की अनुभवण्याचा, हा प्रश्न माझ्या मूळ लेखात स्पष्ट मांडलेला नव्हता आणि तो तिसरा निकष म्हणून धरावा. विमान पाहण्याचे आहे, ताडाची झेप अनुभवण्याची आहे.

जुन्या चित्रपटांकडे वळण्याचा झाडीरंग यांचा विचार मात्र एका वेगळ्या कारणासाठी मोलाचा आहे. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे 'शोले'चा हक्क 2035 साल संपेपर्यंत आहे आणि 'बाहुबली', 'आरआरआर', 'तुंबाड' यांचे तर विचारूच नये. पत्र्यावर नायकाचे चित्र रंगवणे एक वेळ खपून जाते, पण कथा, पात्रे आणि नाव घेऊन राईड चालवायची तर निर्मात्याची रीतसर परवानगी लागेल आणि ती आपल्या पाळणेवाल्यांच्या आवाक्यात नाही. मोठ्या उद्यानांना ते जमते. खोपोलीच्या इमॅजिकामध्ये 1987 सालच्या 'मिस्टर इंडिया'वर हलत्या आसनांची राईड झाली ती तशीच. आपल्या मंडईत उद्या प्रत्यक्ष काही उभे करायचे असेल तर जुन्या, हक्कमुक्त झालेल्या चित्रपटांतूनच निवड करावी लागेल.

माझ्या मते तो चित्रपट दादासाहेब फाळके यांचा 1919 सालचा 'कालिया मर्दन' आहे. त्यात कृष्णाची भूमिका दादासाहेबांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने केली आहे. ती यमुनेत उडी घेते, कालियाशी झुंजते आणि शेवटी त्याच्या फण्यावर उभी राहून नाचते. जागा आहे, हालचाल आहे, आणि फण्यावर बसावे असे कोणत्या मुलाला वाटणार नाही? यात श्रद्धा दुखावण्याचेही कारण नाही, कारण गोकुळाष्टमीला आपण घरोघरी मुलांना कृष्ण करतोच. मुलीने कृष्ण केला होता, ही गोष्ट राईडच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहावी, अशी माझी इच्छा आहे.

शाळेच्या वाटेवर

या सूचनेला माझे मत. शंभर वर्षांपूर्वी एवढ्याशा मुलीने पडद्यावर नाग नमवला, हे आमच्या शाळेतल्या मुलींना राईडवर बसून कळले तर त्या ते पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक लक्षात ठेवतील. एक मागणी आहे. फणा सगळ्या मुलांच्या वाट्याला यावा. पुढच्या डब्यात बसण्यासाठी भांडणे आणि जास्त पैसे, असे होऊ नये.

पाळणेदुरुस्ती

कालिया जमेल, आणि नवे यंत्र विकत न घेता जमेल. ड्रॅगन ट्रेनचा लांबट रूळ असतो, त्याला दोन चढउतार असतात आणि पुढच्या डब्याला ड्रॅगनचे तोंड असते. ते तोंड काढून टाकायचे. ताईंच्या मागणीसाठी प्रत्येक डब्याच्या मागे एकेक फणा उभा करू, कारण कालियाला फणे अनेक आहेत. मग मूल कुठल्याही डब्यात बसले तरी त्याच्या डोक्यावर फणा येईल. चढावर डबा आला की रुळालगत बसवलेल्या पट्टीने फण्याच्या खालचा दांडा उचलला जाईल आणि फणा पुढे झुकेल. उतारावर तो आपोआप मागे पडेल. यासाठी वेगळी मोटार लागत नाही, त्यामुळे वीज गेली तरी काही अडकत नाही.

अडचण फक्त वजनाची आहे. पत्र्याचा फणा केला तर डब्याचा तोल वर जाईल आणि वळणावर चाकावर ताण येईल. फायबरचा साचा एका पाळण्यासाठी परवडत नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर रंगवलेले कापड, हे मला योग्य वाटते. गडचिरोलीकडे हे काम करणारे बुरड कारागीर आहेत आणि रंगकामासाठी झाडीरंग भाऊंकडे नाटकाचे पडदे रंगवणारी माणसे असतील. मला एका डब्याचे माप काढून पाठवता येईल. पहिला फणा रिकाम्या डब्यावर बसवून, डब्यात मुलांच्या वजनाएवढी धानाची पोती ठेवून, भर वेगात चालवून पाहिल्याशिवाय त्यात कुणालाही बसवायचे नाही.

झाडीरंग

पडदे रंगवणारे दोघे जण माझ्या ओळखीचे आहेत. नाटकांचा हंगाम होळीपर्यंत चालतो, तोवर त्यांना सवड मिळणार नाही. त्यानंतर मी त्यांना घेऊन येतो. कापड सुती घ्यावे की ताडपत्रीचे, एवढे मापासोबत कळवावे, कारण दवात भिजलेल्या सुती कापडावरचा रंग दुसऱ्याच रात्री पोपडे धरतो.